आधी बारीक होऊ का?

प्रश्न : मी परभणीची, वय 23. डबल एक्सएल लागतो. मॉडेलिंग करायचंय, पण घरचे म्हणतात, आधी बारीक हो. एकाने पोर्टफोलिओसाठी, म्हणजे काम मिळवायला दाखवायच्या फोटोंसाठी, 40 हजार मागितलेत. देऊ का?

उत्तर : अगं, एक रुपयाही देऊ नकोस! चांगली एजन्सी आधी पैसे मागत नाही, मिळालेल्या कामातून कमिशन घेते. सुरुवातीला मोबाईलवरचे साधे फोटो पुरतात. खिडकीच्या उजेडात, मेकअपशिवाय, अंगासरशी कपडे घालून समोरून, बाजूने, पाठीमागून काढ. सोबत उंची आणि छाती-कंबर-नितंबाची मापं खरी लिही. चोरलेलं माप शूटच्या दिवशी कपडा अंगात चढत नाही तेव्हा उघडं पडतं. वजन कमी करायची अट तर मला मुळीच पटत नाही. प्लस साईज, म्हणजे मोठ्या मापाच्या कपड्यांच्या मॉडेलिंगमध्ये तुझा साईजच हवा असतो. लॅक्मे फॅशन वीकमध्ये 2016 साली प्लस साईजचा खास शो झाला होता. तरी रॅम्पची वाट बघत बसू नकोस, बरीच कामं ऑनलाइन कपड्यांच्या कॅटलॉगची असतात. आधी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या नाहीतर लातूरच्या गंजगोलाईतल्या साडी-ड्रेसच्या दुकानदारांना विचार, लग्नसराईत त्यांना फोटो लागतात. फोटो कुठे वापरणार, हे मात्र लिहून घे. पहिल्या शूटला आईला सोबत ने, काम कसं चालतं ते तिलाही दिसेल.