घर रिकामं झालं आणि मला बरं वाटलं

“मॅडम, घरचे चार दिवस नव्हते आणि मला फार बरं वाटलं. माझं त्यांच्यावरचं प्रेम आटलंय का हो?”

समुपदेशन करताना हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. बायकांनी जास्त, पण पुरुषांनीही. विचारताना प्रत्येकाचा आवाज खाली जातो. इथे ज्या ताईंविषयी सांगतेय, त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी, नवरा, दोन मुलं, सासूबाई. सगळे दिरांकडे गेले. यांना रजा मिळाली नाही.

पहिली संध्याकाळ वाईट गेली. कडी लावली आहे ना, हे तीनदा पाहिलं. आवरलेलंच कपाट पुन्हा आवरायला काढलं. नवऱ्याला दोन फोन केले, टीव्ही नुसताच बडबडत ठेवला. या बेचैनीला मी दोष मानत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. पंधरा मिनिटं खोलीत एकट्यानं, फक्त आपल्या विचारांसोबत बसायचं. वाटलंच तर बटण दाबून स्वतःला विजेचा झटका देता येत होता. हा झटका टाळायला पैसेसुद्धा देऊ, असं आधी म्हणालेल्यांपैकी 18 पुरुषांतल्या 12 जणांनी आणि 24 बायकांतल्या 6 जणींनी तो निदान एकदा घेतला. रिकामं बसणं इतकं जड जातं.

दुसऱ्या दिवशी ताई कामावरून आल्या आणि दिवा न लावताच खिडकीशी बसल्या. अंधार पडत गेला. “मी तासभर काहीच केलं नाही. मग रडू आलं, पण वाईट वाटून नव्हे.” ही संध्याकाळ सांगताना त्यांचा चेहरा सैलावला होता. चौथ्या दिवशी जिन्यात मुलांचे आवाज आले आणि पोटात गोळा आला. अपराधी वाटत होतं ते या गोळ्याचं. घरचे गेल्याचा आनंद त्यांनी स्वतःला कसाबसा माफ केला असता.

इथे माझं चुकलं. मी लगेच म्हणाले, “असं सगळ्यांनाच होतं.” त्या मान हलवून गप्प झाल्या आणि ती भेट तिथेच संपली. धीर द्यायची घाई केली की समोरच्याचं उरलेलं बोलणं आत राहतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

पुढच्या भेटीत मी एवढंच विचारलं, “त्या संध्याकाळी घरात नेमकं काय नव्हतं?”

मला वाटलं, माणसांची नावं येतील. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “हाक नव्हती.”

सगळं त्या एका शब्दात होतं. घरात असताना त्यांचे कान सतत उघडे असायचे. सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ, मुलाची न सापडणारी वही, नवऱ्याचं “अगं, ऐकलंस का”. पुस्तक हातात असलं तरी अर्धं लक्ष दाराकडे. हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून त्यातून सुट्टीही कुणी देत नाही. घर रिकामं झालं तेव्हा ते कान पहिल्यांदा मिटले. बरं वाटलं ते याचं. आणि जिन्यातल्या आवाजांनी पोटात गोळा आला, कारण मुलांबरोबर ती पाळतही परत येत होती.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. एकटं राहता येणं या क्षमतेवर त्यांनी 1958 मध्ये लिहिलं. मूल आपल्यातच रमून खेळतं, ते आई जवळ आहे आणि आपल्याकडून काही मागत नाही म्हणून. एकटेपण पेलण्याची ताकद अशा सोबतीतून येते. हे मी सांगत असताना ताईंना आजी आठवली. आजी शिवत बसायची, ही उंबऱ्यावर तासन्‌तास खेळायची. “तिनं मला उगाच कधी हाक मारली नाही,” म्हणाल्या आणि डोळे पुसले.

म्हणून आम्ही ठरवलं की घर रिकामं होण्याची वाट पाहायची नाही. आठवड्यातून एक तास, सगळे घरात असताना, आतल्या खोलीत. त्या तासात गोळ्या कोण देणार, दार कोण उघडणार, हे नवऱ्याशी आधी बोलून घ्यायचं. पहिला तास फसला. कुणी बोलावलंच नव्हतं, तरी त्या वीस मिनिटांत तीनदा उठल्या. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची सवय शरीरात मुरलेली असते. तिसऱ्या आठवड्यात त्या बसून राहिल्या. बाहेर वही शोधली गेली आणि सापडलीही.

एक मात्र मी प्रत्येकाला विचारते आणि त्यांनाही विचारलं. एकटं असताना मोकळं वाटतं, की कशातच रस उरत नाही? झोप आणि भूक ठीक आहे ना? दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, माणसं नकोशीच झाली असतील, तर तो विसावा नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवं. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल, तर पोटातला तो गोळा वेगळंच काही सांगत असतो. तेव्हा प्रश्न विश्रांतीचा नसून सुरक्षिततेचा असतो. ताईंच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

काही महिन्यांनी घरचे पुन्हा दोन दिवस गेले. परतले त्या संध्याकाळी ताई खिडकीशीच होत्या. बेल वाजली. त्या उठल्या, दार उघडलं, आणि मुलगी आत शिरत म्हणाली, “आई, दिवा का नाही लावलास?”

“बसले होते,” त्या म्हणाल्या. मुलगी बॅग टाकून त्यांच्या शेजारी येऊन बसली. दिवा कुणीच लावला नाही.