मी गरोदर आहे आणि घरात दोन मांजरी आहेत. त्यांना सोडून द्यावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की तिसरा महिना चालू आहे, दोन्ही मांजरी तीन-चार वर्षांपासून घरात आहेत, सासूबाई आणि नणंद म्हणतात 'बाळाला अपाय होतो, मांजरी कुठेतरी सोडून या', आणि डॉक्टरांनी टॉर्चची तपासणी (टोक्सोप्लाझ्मा, रुबेला अशा बाळाला अपाय करू शकणाऱ्या लागणींसाठीची रक्ततपासणी) लिहून दिली आहे.

मांजरी सोडू नका. पण त्यांचा शी-शूचा ट्रे आजपासून तुमच्या हातात नको. तो नवऱ्याकडे किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या आणि तुमचं सगळं लक्ष स्वयंपाकघराकडे वळवा. गरोदर बाईला ज्या आजारासाठी मांजरीची भीती घालतात, तो बहुतेक वेळा मांजरीला कुरवाळल्याने होत नाही. तो येतो कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून, मातीतून, न धुतलेल्या भाजीतून.

सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. टोक्सोप्लाझ्मा (थोडक्यात टोक्सो) नावाचा परजीवी आहे आणि त्याचं लैंगिक पुनरुत्पादन मांजरीच्याच आतड्यात होतं. याची पहिली लागण बाईला गरोदरपणात झाली तर वारेतून तो बाळापर्यंत पोहोचू शकतो आणि गर्भपात, मेंदूत पाणी साठणं, डोळ्याच्या पडद्याला इजा असे परिणाम होऊ शकतात. सुरुवातीच्या महिन्यांत लागण बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी असते, पण पोहोचली तर इजा जास्त होते. शेवटच्या महिन्यांत याच्या उलट. म्हणून काळजी पूर्ण नऊ महिने घ्यायची.

आता मांजरीचा भाग नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी खबरदारी त्यावरच उभी आहे. मांजरीला लागण होते ती उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाल्ल्याने. पहिल्या लागणीनंतर साधारण एक ते तीन आठवडे तिच्या विष्ठेतून या परजीवीची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. हे बहुधा आयुष्यात एकदाच घडतं आणि बाहेर फिरणाऱ्या मांजरीत ते पिल्लू असतानाच होऊन जातं. शिवाय ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करू शकत नाहीत. त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज, चोवीस तासांच्या आत साफ झाला तर धोका जवळपास मुळातच संपतो. अंगावरच्या केसांतून लागण होत नाही म्हटलं तरी चालेल, कारण मांजर सतत अंग चाटून स्वच्छ ठेवते. कधी घराबाहेर न गेलेली, शिजवलेलं किंवा पाकिटातलं कोरडं खाणं खाणारी मांजर तर यात जवळजवळ बिनधोक.

२००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या सहा शहरांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला. त्यात ३० ते ६३ टक्के लागणीचं मूळ नीट न शिजलेल्या मांसात आणि ६ ते १७ टक्के मातीत सापडलं. मांजरीचा सहवास हा धोका म्हणून दिसलाच नाही. आकडे तिकडचे आहेत आणि आपला आहार वेगळा आहे, पण मार्ग तेच आहेत.

आपल्याकडे मटण कुकरला लावलं की परजीवी उरत नाही, त्यामुळे रोजच्या रश्शाची चिंता नको. अडचण असते तंदूर, बार्बेक्यू, जाड कबाब आणि खिमा यांत. बाहेरून करपलेला कबाब आत गुलाबी राहतो. सुरक्षित तापमान असं: अख्ख्या तुकड्याच्या आत ६३ अंश सेल्सिअस आणि आचेवरून उतरवल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवणं, खिम्याला ७१, चिकनला ७४. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी रंग किंवा लालसर पाणी दिसता कामा नये. मायक्रोवेव्हवर विसंबू नका, त्यात अन्न सगळीकडे सारखं तापत नाही. दही-लिंबू लावून रात्रभर मुरवलेलं मटण हे कच्चंच मटण असतं.

एक सवय मात्र हमखास नजरेतून सुटते. कबाबाचं सारण कालवताना मीठ-तिखट बघायला कच्च्या खिम्याचं बोट जिभेला लावतात. ते बंद करा. चिमूटभर सारण तव्यावर परतून मग चाखा. मटण कापलेल्या विळीवर किंवा सुरीने तशीच कोशिंबिरीची काकडी चिरू नका. मटणाचा पाट वेगळा ठेवा, आणि कच्चं मांस हाताळल्यावर हात नुसते नळाखाली ओले करू नका, साबणाने वीस सेकंद धुवा. मांस शिजवण्याआधी फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर काही दिवस ठेवलं तर परजीवीचं प्रमाण बरंच घटतं. कोकणात माहेर असेल तर कालवं आणि तिसऱ्याही पूर्ण शिजवूनच खा, ती समुद्राचं पाणी गाळून जगतात आणि पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. दूध उकळूनच, शेळीचं असलं तरी.

मातीकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष जातं. गल्लीतली मांजर कुंडीतली भुसभुशीत माती उकरून तिथेच शी करते आणि ओलसर मातीत ही अंडी महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतात. त्याच कुंडीतली कोथिंबीर खुडून तशीच पोह्यांवर पडते. कुंड्यांना बारीक जाळी लावा, बागकाम करायचंच तर हातमोजे घाला, आणि कोथिंबीर, पालक, मुळा, कांद्याची पात वाहत्या पाण्याखाली पान उलगडून धुवा. नुसतं भांड्यात बुडवून काढणं पुरत नाही. माती, भाजलेली असो वा कच्ची, किंवा पाटीवरची पेन्सिल खायचे डोहाळे लागत असतील तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. हे बहुधा रक्तातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. हिमोग्लोबिन तपासून लोहाची गोळी सुरू झाली की ओढ कमी होते, आणि मातीतून जंत आणि टोक्सो दोन्ही पोटात जाण्याचा मार्गही बंद होतो.

पाणीही यात येतं. २००४-०५ मध्ये कोइमतूरमध्ये डोळ्याच्या टोक्सोच्या २४८ रुग्णांची साथ नोंदली गेली आणि संशय पाणीपुरवठ्याच्या साठ्यावर होता. क्लोरीनने ही अंडी मरत नाहीत. टँकरचं, विहिरीचं किंवा उघड्या टाकीचं पाणी असेल तर उकळून प्या.

आता ट्रेची पद्धत. हे नवऱ्याला वाचून दाखवा. रोज एकदा, ठरलेल्या वेळी, फावडीने शी आणि लघवीचे गोळे उचलून पिशवीत घालायचे, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाकायची. खताच्या ड्रममध्ये टाकायची नाही. आठवड्यातून एकदा सगळं लिटर (तुमच्याकडे वाळू किंवा भुसा असेल तर तो) बदलायचं, आणि रिकाम्या ट्रेत उकळतं पाणी ओतून पाच-दहा मिनिटं ठेवायचं. ब्लीच किंवा फिनेलने ही अंडी मरत नाहीत, उष्णतेने मरतात. कोरडं लिटर झटकायचं नाही, धूळ उडते. ट्रे स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचा. नवरा गावाला गेला आणि घरात दुसरं कोणी नाही अशी वेळ आली तर तुम्ही स्वतः करा, पण हातमोजे आणि मास्क घालून, आणि नंतर साबणाने हात धुवून. तो एक दिवस ट्रे तसाच ठेवण्यापेक्षा हे जास्त सुरक्षित.

मांजरींना कच्चं मांस अजिबात नको. चिकन उकडून, हाडं काढून द्या. याला दुसरंही ताजं कारण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरींतही तो विषाणू सापडला. मार्जारकुळातल्या प्राण्यांना हा विषाणू कच्च्या कोंबडीतून होऊ शकतो. चिकनवाल्याकडून आणलेली आतडी-पाय मांजरीपुढे टाकायची पद्धत या काळात बंदच ठेवा. जमेल तेवढं मांजरींना घरात ठेवा, आणि बाळंतपणापर्यंत नवं पिल्लू आणू नका, दारातल्या अनोळखी पिल्लांना हात लावू नका. जंताचं औषध वेळेवर द्या, पण त्याने टोक्सो मरत नाही हेही लक्षात असू द्या. मांजरीचंच रक्त तपासून घ्या असं कोणी सुचवलं तर त्यावर पैसे घालवू नका. त्या अहवालातून तुम्हाला उपयोगाचं फारसं काही कळत नाही.

तुमची रक्ततपासणी मात्र कामाची आहे, फक्त तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्यात आयजीजी आणि आयजीएम ही रक्तातली दोन प्रतिपिंडं (लागणीविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं) बघतात. दोन्ही निगेटिव्ह असतील तर तुम्हाला ही लागण कधी झालेली नाही, म्हणजे वरची सगळी काळजी तुम्हाला लागू. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असेल तर लागण जुनी आहे, शरीरात प्रतिकारशक्ती आहे आणि बाळ बहुतेक सुरक्षित आहे. हा चांगला अहवाल असतो, तरी 'टोक्सो पॉझिटिव्ह' एवढे दोन शब्द वाचून घरात रडारड होते. आयजीएम पॉझिटिव्ह आला तरी लगेच हादरू नका. तो काही वेळा खोटा असतो आणि खरा असला तरी लागणीनंतर अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त टिकतो. अशा वेळी 'आयजीजी अ‍ॅव्हिडिटी' ही, लागण जुनी की ताजी याचा अंदाज देणारी तपासणी मागा. तुमच्या तिसऱ्या महिन्यात ती जास्त आली तर लागण गरोदरपणाच्या आधीची. शंका उरलीच तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा नमुना द्या. लागण खरंच ताजी निघाली तर स्पायरामायसिनसारखी औषधं आहेत आणि अठराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासता येतं. एका आयजीएमवरून गर्भपाताचा निर्णय कोणी सुचवत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यातली जी गोष्ट मला सगळ्यात लागते ती म्हणजे दोष. आधी गर्भ पडला असेल तर 'घरात मांजर होती म्हणून' असं बाईलाच ऐकवलं जातं. सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात. त्यात ना तिची चूक असते ना मांजरीची. वारंवार गर्भपातासाठी टॉर्च करण्याची शिफारसही आता ब्रिटनचे प्रसूतितज्ज्ञ करत नाहीत. मांजरीचा केस पोटात गेला की मूल होत नाही, हीही समजूत खोटी आहे. गिळलेला केस आतड्यातून बाहेर पडतो, गर्भाशयाशी त्याचा संबंधच येत नाही. पुढच्या तपासणीला नवऱ्याला आणि शक्य तर सासूबाईंनाही सोबत न्या, आणि मांजरीचा प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. घरी तुम्ही दहा वेळा सांगून जे पटत नाही ते दवाखान्यात एकदा ऐकून पटतं. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. सासूबाई देवधर्म मानणाऱ्या असतील तर त्यांना हेही सांगा की लेकरांचं रक्षण करणारी म्हणून जिला पुजतात त्या षष्ठी देवीचं वाहन मांजरच आहे. आणि पाळीव प्राण्याला उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. घरात वाढलेली मांजर मासळीबाजारात सोडली तर तिथल्या मांजरींपुढे ती टिकत नाही.

मांजर चावली किंवा रक्त येईल इतकं ओरबाडलं तर मात्र 'पोटात बाळ आहे, इंजेक्शन नको' म्हणून थांबू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस गरोदरपणात सुरक्षित आहे आणि सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. दोन्ही मांजरींची या वर्षाची रेबीजची लस राहिली असेल तर ती याच आठवड्यात उरकून घ्या.

सातव्या महिन्यानंतर माहेरी जाणार असाल तर मांजरींचं खाणं-पाणी कोण बघणार हे आत्ताच ठरवा आणि त्या माणसाला महिनाभर आधीपासून खाऊ घालू द्या. माणूस अचानक दिसेनासा झाला की काही मांजरी खाणं सोडतात, आणि दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर चरबी चढून मांजर गंभीर आजारी पडते. त्यामुळे दुसऱ्या दिवशीही खाल्लं नाही तर थेट पशुवैद्याकडे न्यायला सांगा.

बाळ घरी आल्यावर दूध पाजण्यात मांजरीमुळे काही अडचण नाही, टोक्सो दुधातून पसरत असल्याचं दिसत नाही. मांजर बाळाचा श्वास ओढून घेते हे खरं नाही, पण ऊब शोधत ती बाळाच्या तोंडाजवळ जाऊन झोपू शकते आणि तान्ह्या बाळाला स्वतःला बाजूला करता येत नाही. म्हणून पाळण्याला ताणून बसवलेली, खाली खोचलेली मच्छरदाणी हवी. सैल जाळीवर मांजर चढली तर ती बाळाच्या तोंडावर येते. पाळणा बाळंतपणाआधी काही आठवडे बांधून ठेवा आणि मांजर त्यात शिरली की दर वेळी उचलून खाली ठेवा. पहिले काही महिने बाळ झोपलेलं असताना जवळ मोठं माणूस नसेल तर त्या खोलीचं दार लावलेलं असू द्या.