नातीचं लग्न, आबांचा दम आणि येळवस

"मावशी, आम्ही औसा तालुक्यातले. घरात सासूसासरे, आम्ही दोघं आणि दोन पोरं. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ७४, सीओपीडी आहे, म्हणजे दम लागायचा फुप्फुसाचा जुना आजार. मागच्या हिवाळ्यात साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि लातूरला पाच दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आता तीन आठवड्यांनी नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, लातूरलाच, एसी हॉलमध्ये. त्यानंतर आठ दिवसांनी येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण. पुण्याचे दीर-जाऊ, त्यांची लेकरं, सगळे शेतात येणार. माझं म्हणणं, आबांनी लग्नाला जाऊ नये, आम्हीही आहेर पाठवून मोकळं व्हावं, म्हणजे येळवस तरी नीट होईल. यजमान म्हणाले, 'कोरोना गेला, पण तुझ्या डोक्यातून काही जाईना.' नणंदेच्या कानावर गेलं तर ती फोन उचलेना. त्यात यजमानांना येळवशीच्या आदल्या दिवशी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेला जायचंय. माझे वडील २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. आमच्या घरी साखरपुड्याला आले होते, त्यानंतर बारा दिवसांत. मी चुकतेय का?
— एक सून"

लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नवऱ्याचं म्हणणं त्यात आहे, नणंदेचा रुसवा आहे, तुझी भीती आहे. आबांचं मात्र एक वाक्यही नाही. ज्यांच्या छातीवरून घरात एवढं पेटलंय, त्यांना कुणी विचारलंय का?

लग्न त्यांच्या नातीचं आहे. मागच्या हिवाळ्यातले ते पाच दिवस तू खाटेशेजारी बसून काढलेस, पण नाकात नळी त्यांच्या होती. किती धोका पत्करायचा हे ठरवताना पहिला शब्द त्यांचा. कदाचित ते म्हणतील, "माय, मला त्या गर्दीत जायचंच नाही, लेकीला कसं सांगू तेवढं सांग." आमच्या सासऱ्यांनी दोन लग्नं गुडघ्याच्या नावावर टाळली होती, आणि घरी बसून मजेत शेंगा फोडल्या होत्या. किंवा आबा म्हणतील, "मेलो तरी चालंल, पण अक्षता टाकून येतो." तसं म्हणाले तर त्यांना घरात कोंडून ठेवायचा हक्क तुलाही नाही. मग प्रश्न उरतो तो कसं न्यायचं, एवढाच.

आता तुझ्या नवऱ्याचं. कोरोना गेला की नाही यावर त्याच्याशी वाद घालू नकोस, तो वाद इथं लागूच होत नाही. मागच्या वर्षी आबांना झोपवलं ते साध्या सर्दीनं, असं तूच लिहितेस. सीओपीडीच्या माणसाच्या श्वासनळ्या आधीच अरुंद झालेल्या असतात. त्यात सूज आणि कफ भरला की तुझी-माझी तीन दिवसांची सर्दी त्यांना ऑक्सिजनपर्यंत नेते. डॉक्टरांकडे जाताना नवऱ्यालाच सोबत ने आणि हे त्यांच्या तोंडून ऐकू दे. बायकोनं सांगितलेलं वहम असतं, डॉक्टरनं सांगितलेलं ज्ञान! असो.

पण तुझंही एक गणित मला पटलं नाही. तू लग्न नि येळवस दोन्ही एकाच 'गर्दी'त मोजतेस. सर्दी-फ्लूचे विषाणू बंद जागेत, एकमेकांनी सोडलेल्या हवेत साठतात. खिडक्या बंद, एसी चालू, वर बँड, त्यामुळे जो तो दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडणार. तिथं दोन तास बसणं वेगळं, आणि शेतात कडब्याच्या कोपीसमोर, वाऱ्यावर, पन्नास माणसांनी भज्जी-आंबिल खाणं वेगळं. येळवशीला अख्खं लातूर शहर ओस पडतं ते सगळी माणसं शिवारात पांगतात म्हणून. गर्दी टाळायचा याहून जुना उपाय आपल्याकडे नाही. शेताची काळजी सोड. काळजी करायचीच तर आदल्या रात्रीची कर: पुण्याची माणसं थंडीमुळे दारंखिडक्या लावून आबांच्याच खोलीत गाद्या घालतील. त्या रात्री आबांची खोली त्यांची एकट्यांची. सासूबाई हवं तर सोबत, पोरं नाहीत. पोरांना आजोबाच्या कुशीत शिरायचं असतं, ते दिवसा उन्हात शिरू देत.

सगळ्यांनीच लग्न टाळायचं, हे तर मनातून काढून टाक. नवरीला मांडवात आणायचं मामानं, आणि तिचा मामा तुझा नवरा. आहेर पाठवून मामाची जागा भरत नाही. नणंदेनं फोन का उचलला नाही हे मला कळतं, तुलाही कळतं.

लग्न नि येळवस यात आठ दिवस आहेत, ते तुझ्या बाजूचे आहेत. फ्लूचा संसर्ग झाला तर लक्षणं साधारण १ ते ४ दिवसांत दिसतात, आणि माणूस लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे ५-७ दिवस दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे लग्नात कुणाला लागलंच, तर बहुतेक वेळा येळवशीच्या आत ते कळेल. त्या आठवड्यात ज्याचा घसा खवखवेल त्याचं ताट-अंथरूण आबांपासून लांब, मग तो नवरा असो की धाकटं पोरगं. पुण्याच्या जावेलाही आत्ताच सांगून ठेव: कुणाला ताप-खोकला असेल तर तो गडी या वर्षी येणार नाही. हे ऐनवेळी दारात सांगितलं तर अपमान वाटतो, तीन आठवडे आधी सांगितलं तर नियम वाटतो.

याच आठवड्यात आबांना डॉक्टरांकडे ने. फ्लूची लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तुझ्याकडे तीन आहेत. ती दरवर्षी घ्यावी लागते, मागच्या वर्षीची चालत नाही. न्यूमोनियाच्या लशीचंही तिथंच विचार. आणि दम्याचा पंप (इनहेलर) कसा ओढतात ते डॉक्टरांसमोर करून दाखवायला लाव. कितीतरी म्हातारी माणसं तो जिभेवर मारतात, छातीत काहीच जात नाही.

आबा लग्नाला जायचं म्हणाले तर मुहूर्ताच्या अर्धा तास आधी पोचा. जाताना जीपच्या काचा उघड्या, अंगावर शाल. हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची. तोंडाला एन-९५ मास्क. उपरण्याचा पदर त्याची जागा घेत नाही. स्टेजवर हौसेनं धूर सोडतात ना, तो चालू असेल तोवर त्यांना बाहेर मांडवात बसव. अक्षता पडल्या, नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, की परत. जेवण घरी. पाया पडायला रांग लागेल, तेव्हा सासूबाईंनी हसत म्हणावं, "लांबूनच पडा, आशीर्वाद तिथवर पोचतो." हे तू म्हणू नकोस, त्या म्हणू देत.

एवढं करूनही दम वाढला, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा ते गुंगीत गेल्यासारखे वाटले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठ.

आता तुझे वडील. ती गोष्ट तू पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलीस, पण सगळं पत्र मला तिथूनच निघालेलं दिसतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये दवाखान्यात खाट मिळवायला माणसं रात्र-रात्र फिरत होती. तेव्हा बाजारात, बँकेच्या रांगेत, शेजारच्या ओट्यावर, कुठंही लागत होतं. साखरपुड्यातूनच लागलं असेल, नसेलही. तू त्यांना बोलावलंस कारण लेकीच्या घरचं कार्य होतं, आणि ते आले कारण ते बाप होते. याचा हिशेब तू आबांनी नातीच्या लग्नाला जाण्या-न जाण्यातून फेडू बघतेस. आबा वाचले तरी तो फिटणार नाही, माय. नवऱ्यानं "डोक्यातून जाईना" म्हटलं ते तुला लागलं असेल. पण बारा दिवसांची ती गोष्ट तू त्याला कधी नीट सांगितली आहेस का? एखाद्या रात्री पोरं झोपल्यावर सांग. सल्ला मागू नकोस, नुसतं सांग.

नणंदेला फोन लागत नसेल तर नवऱ्याच्या फोनवरून लाव. "वन्सं, आम्ही येतोय, मामा आदल्या रात्रीच पोचतील. आबांचं तेवढं दाराजवळ बसायचं बघा" एवढंच बोल. तू आधी काय म्हणाली होतीस त्याचा खुलासा करत बसू नकोस. खुर्चीचं काम तिच्याच हाती दिलंस की तीही बापाची काळजी वाहायला मोकळी होईल.

माळेगाव. तिथली गर्दी उघड्यावरची, पण चेंगराचेंगरीची आणि धुळीची. यात्रेत काही लागलं तरी दुसऱ्या दिवशी येळवशीला ते दिसणार नाही, दोन-चार दिवसांनी घरात दिसेल. मी असते तर नवऱ्याला जाऊ दिलं असतं. आल्यावर अंघोळ आणि पुढचे चार दिवस त्यानं आबांच्या खोलीत बसून गप्पा मारायच्या नाहीत, दारातूनच. कबूल असेल तर खंडोबाला माझाही दंडवत सांग म्हणावं.

येळवशीला आबांना उन्हं वर आल्यावर, दहा-अकराला शेतात ने. चुलीच्या आणि संध्याकाळी हेंडग्याच्या (शेताभोवती फिरवायच्या पेटत्या पेंढीच्या) धुराच्या वाऱ्याला त्यांची बाज नको. आणि आंबिलीच्या भांड्यातून, बिंदग्यातून, एकच तांब्या सगळ्यांच्या तोंडाला फिरतो ना, तो या वर्षी बंद. घरातले स्टीलचे पेले मोजून पिशवीत भर. आबांचा वेगळा, दोरा बांधून.

— तुझी मावशी