वाचकांचे प्रश्न : सफोकमधलं लेकीचं मत

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये सफोक भागात स्टोमार्केट गावी राहतात. दोघांचे पासपोर्ट भारताचेच आहेत. मे २०२३ मध्ये तिथल्या मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीत दोघांनी मत दिलं. ग्रीन पार्टी जिंकली तेव्हा लेकीने हौसेने फोन केला होता. परवा विषय निघाला, तर ह्यांचे मित्र म्हणतात, परक्या देशाच्या नागरिकाला मत कसं मिळेल, काहीतरी बेकायदा झालं असणार. तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. आणि ही कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषद का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, घोर सोडा. तुमच्या लेकीने कायद्याने दिलेला हक्क बजावला आहे. राष्ट्रकुलातल्या (कॉमनवेल्थ) देशाचा, म्हणजे भारताचाही, नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर व्हिसावर राहत असेल, तर त्याला तिथल्या मतदार यादीत नाव घालता येतं. कौन्सिललाच नाही, पार्लमेंटलाही मत देता येतं. कायम राहण्याची परवानगी मिळाली की कौन्सिलच्या निवडणुकीला उभंही राहता येतं. त्या मे महिन्यात मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवण्याची सक्ती इंग्लंडभर पहिल्यांदाच लागू झाली होती, आणि चालणाऱ्या ओळखपत्रांत भारतीय पासपोर्टही आहे.

आता जिल्हा परिषद. नावात डिस्ट्रिक्ट असलं तरी तशी तुलना करू नका. सफोकमधले रस्ते, शाळा, वाचनालयं वरच्या, म्हणजे अख्ख्या सफोकच्या, काउंटी कौन्सिलकडे. डिस्ट्रिक्टकडे कचरा उचलणं, बांधकामाची परवानगी, बेघरांची सोय ही कामं. तुलना करायचीच तर ती पंचायत समितीशी. पण आपल्याकडे तालुक्याच्या गावी पंचायत समितीचं ऑफिस असतं. मिड सफोकचं मुख्य कार्यालय मात्र हद्दीबाहेर, इप्सविच शहरात आहे. प्रमुखाला लोक थेट निवडत नाहीत. निवडून आलेले सदस्य आपल्यातून नेता ठरवतात.

लेकीला आनंद झाला तो उगाच नाही. एकूण ३४ जागा. २०१९ मध्ये ग्रीन पार्टीच्या १२ होत्या, २०२३ मध्ये २४ झाल्या. या पक्षाला एखाद्या कौन्सिलमध्ये स्वतःच्या बळावर बहुमत मिळण्याची इंग्लंडमधली ती पहिलीच वेळ. स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट, आय अशी छोटी गावं आणि बाकी सगळी शेती. असा हा भाग कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा मानला जायचा.

इंग्लंडच्या त्याच पूर्व भागात असताना मी एका कौन्सिलच्या मोजणीला टेबलावर बसत असे, म्हणून थोडं आतलं सांगते. तिथे मशीन नाही. कागदी मतपत्रिका, बूथमध्ये ठेवलेली पेन्सिल, आणि नावासमोर फुली. आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिका नुसत्या मोजायच्या. केंद्रावरून आलेल्या हिशेबाशी आकडा जुळला की मगच कुणाला किती हे बघायचं. मतपत्रिका कायम सुलट ठेवायची, कारण मागच्या बाजूला तिचा क्रमांक असतो आणि तो कुणाच्या नजरेस पडता कामा नये. समोर उमेदवारांची माणसं वाकून बघत असतात, पण कागदाला हात लावायची त्यांना मुभा नाही. दोन सदस्यांच्या वॉर्डात एका माणसाला दोन फुल्या मारता येतात आणि लोक त्या खुशाल दोन वेगळ्या पक्षांना देतात. अशा मतपत्रिका मोठ्या कागदावर एकाखाली एक अशा लावायच्या की फक्त फुल्या दिसाव्यात, आणि मग आडव्या ओळीने मोजायच्या. पाठीला रग लागते. पण एकेका फुलीसाठी एवढी माणसं एवढी काळजी घेताना पाहिली, आणि मताबद्दलचा माझा आदर कायमचा वाढला.

ती काळजी का, ते उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँडच्या कौन्सिलने मे २०१७ मध्ये दाखवलं. साउथ ब्लाइथ वॉर्डात कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांना ३५६-३५६ मतं पडली. फेरमोजणीनंतरही तेच. शेवटी काड्या ओढून निकाल लावला आणि लिबरल डेमोक्रॅट लेस्ली रिकर्बी निवडून आल्या. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष ६७ पैकी ३३ जागांवर थांबला. बहुमताला एकच कमी पडली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या वॉर्डात शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना सारखी मतं पडली होती आणि शहा चिठ्ठीवर जिंकले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. साउथ ब्लाइथमध्ये मतदानाला जाऊ की नको असं करत घरी राहिलेलं एखादं जरी घर बाहेर पडलं असतं, तर काड्यांची वेळ आली नसती. म्हणून तुमच्या ह्यांच्या मित्रांना सांगा, लेकीने केलं ते योग्यच केलं, आणि पुढच्या वेळीही करावं.

प्रश्न : काकू, मी लीड्सला एम.एस्सी. करते. स्टुडंट व्हिसावर मत देता येतं का? आणि तिथे नाव घातलं तर पुण्याच्या यादीतलं जाईल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : येतं. व्हिसा शिक्षणाचा की नोकरीचा, हा प्रश्नच नाही. सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत अर्ज होतो. नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी आणि करासाठी तिथे मिळणारा क्रमांक) अजून मिळाला नसेल तर तसं लिहायचं. मतदानाच्या आधी कामकाजाचे १२ दिवस ही शेवटची मुदत, ती चुकली तर त्या वेळचं मत गेलं. वर्षभरासाठी आले आहे, मला काय करायचंय त्यांच्या कौन्सिलशी, असं मनात आणू नकोस. तुझ्या खोलीबाहेरचा कचरा तीच कौन्सिल उचलते आणि घरमालकाने घर राहण्याजोगं ठेवलं नाही तर तक्रारही तिच्याकडेच करायची असते.

ब्रिटनच्या यादीत नाव आलं म्हणून तुझं भारताचं नागरिकत्व किंवा मताचा हक्क जात नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयांना पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. मत मात्र तिथे प्रत्यक्ष येऊनच द्यावं लागतं. लीड्समध्ये मतदानाला जाताना पासपोर्टच ने. मोबाइलमधला त्याचा फोटो चालत नाही.