यूएसबीवाला नवा यूपीएस आणि एनटीवरचा जुना औद्योगिक संगणक

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मशीन चालवणारा संगणक विंडोज एनटी ४.० वर आहे, मागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट आहे, यूएसबी नाही. जुना यूपीएस गेला आणि नव्याला फक्त यूएसबी आहे. मध्ये यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर घातला, तरी लाइट गेल्याचं संगणकाला कळत नाही. आता दुसऱ्या कंपनीचा कन्व्हर्टर घ्यावा का?

घेऊ नका, निकाल हाच लागेल. यूएसबीची दोन टोकं सारखी नसतात. एक होस्ट असतो, तो विचारतो. दुसरं उपकरण असतं, ते विचारल्याशिवाय बोलत नाही. यूपीएस हे उपकरण आहे आणि तुमचा कन्व्हर्टरही उपकरणच आहे. ‘आधी तुम्ही’ म्हणत दोन पाहुणे दारातच उभे राहावेत, तशी ही जोडी बसते. आणि समजा काही युक्तीने बाइट पोचले, तरी एनटीला ते वाचता येणार नाहीत. एनटी ४.० आलं १९९६ मध्ये. यूएसबीवरून बॅटरीची माहिती कशी द्यायची याचं एचआयडी पॉवर डिव्हाइस मानक ठरलं १९९७ मध्ये.

म्हणून जुन्या संगणकाला नव्या यूपीएसची भाषा शिकवायचा नाद सोडा. त्याला व्होल्ट, टक्के, लोड यातलं काही नको असतं. दोनच गोष्टी कळाव्या लागतात: लाइट गेली, आणि बॅटरी संपत आली. या दोन हो-नाहीसाठी एनटीत सोय आधीपासून आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘यूपीएस’ नावाचं चित्र दिसेल. ती सेवा सीरियल पोर्टवर डेटा वाचतच नाही, फक्त मोडेमच्या जुन्या संकेत-तारांवरचा व्होल्टेज बघते: सीटीएसवर लाइट गेल्याची खूण, डीसीडीवर बॅटरी संपत आल्याची, आणि डीटीआरवरून यूपीएसला ‘बंद हो’ असा उलटा निरोप. प्रत्येक तारेसाठी धन की ऋण हे तिथेच निवडता येतं.

वायरिंगकडे वळण्याआधी एक काम. हा संगणक वर्षानुवर्षं बंद झालेला नसेल, तर यूपीएस बदलण्यासाठी तो बंद करणं हाच या सगळ्यातला सर्वात धोक्याचा क्षण आहे. जुनी हार्ड डिस्क थंड झाली की पुन्हा फिरेलच असं नाही. बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, माहिती धरून ठेवणारी बॅटरी बहुधा केव्हाच मेलेली असते. अनेक बोर्डांवर तर ती डॅलसच्या घड्याळ-चिपच्या पोटातच बंद असते आणि तिचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. मशीन चालू आहे तोवर हे लक्षात येत नाही. म्हणून प्रोग्रॅम आणि पॅरामीटरची प्रत चालू अवस्थेतच बाहेर काढा. मग रीस्टार्ट करून, मेन स्विचला हात न लावता, बायोसचे सगळे पडदे फोटोत घ्या. डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे तर हवेतच, नाहीतर उद्या बायोस विचारेल आणि कुणाला सांगता येणार नाही. जमलं तर त्याच खेपेला डिस्कची पूर्ण इमेजही घेऊन ठेवा.

आता जोडणी. सर्वात सरळ वाट म्हणजे यूपीएसला रिले कार्ड, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांचं कार्ड, बसतं का ते बघणं. मागे कार्डाची खाच असेल, तर बऱ्याच कंपन्या पोटेन्शियल-फ्री कॉन्टॅक्टचं कार्ड देतात. त्यावर ‘ऑन बॅटरी’ आणि ‘लो बॅटरी’ असे दोन कॉन्टॅक्ट मिळाले की काम झालं. या कॉन्टॅक्टमध्ये स्वतःचा व्होल्टेज नसतो, त्यामुळे तो संगणकाच्या पोर्टमधूनच घ्यायचा. नऊ पिनांत ७ म्हणजे आरटीएस, ८ सीटीएस, १ डीसीडी, ३ टीएक्सडी, ५ ग्राउंड. आरटीएसची तार दोन्ही कॉन्टॅक्टच्या कॉमनला न्या, ‘ऑन बॅटरी’चं दुसरं टोक सीटीएसला, ‘लो बॅटरी’चं डीसीडीला. नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडा राहणारा, कॉन्टॅक्ट वापरा आणि सेवेत दोन्हीकडे धन निवडा.

कॉन्टॅक्ट उघडा असताना सीटीएस आणि डीसीडी अधांतरी ठेवू नका. दोन्हींपासून टीएक्सडीकडे १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर टाका. टीएक्सडीवर डेटा जात नसला की ती ऋण व्होल्टेजवर बसलेली असते, म्हणजे खाली ओढायला आयती तार मिळाली. मल्टिमीटरवर उणे ३ च्या आसपास दिसलं तर घाबरू नका. जुन्या रिसीव्हर चिपची खरी सीमा शून्याच्या जरा वरच असते. आणि आरटीएसवर धन व्होल्टेज खरोखर आहे का, ते यूपीएस सेवा चालू करून मगच मोजा. ५ आणि ७ मध्ये मोजायचं. तिथे धन नसेल तर ४ नंबरवर, म्हणजे डीटीआरवर, बघा. मात्र मग सेवेतला रिमोट शटडाउनचा पर्याय बंद ठेवावा लागेल. पोर्ट पंचवीस पिनांचा असेल तर आकडे बदलतात: आरटीएस ४, सीटीएस ५, ग्राउंड ७, डीसीडी ८, डीटीआर २०, टीएक्सडी २. संगणकाच्या बाजूला पिना बाहेर आलेला पंचवीसचा पोर्ट सीरियलचा. भोकं असलेला प्रिंटरचा, त्याच्या वाटेला जाऊ नका.

नॉर्मली ओपनच का? केबल निसटली तर संरक्षण गेलं हे कळणार नाही, असा आक्षेप यावर येतो आणि तो खरा आहे. पण उलट जोडलं तर कुणाचा पाय केबलला लागला की काम चालू असताना संगणक शटडाउन होणार. मशीनवर मला पहिला धोका परवडतो, दुसरा नाही. केबलला स्क्रू असतात, ते आवळा.

कार्डाची सोय नसेल, आणि फक्त यूएसबीवाल्या लहान यूपीएसला ती बहुधा नसतेच, तर मध्ये एक छोटा संगणक घाला. रास्पबेरी पायसारखा बोर्ड किंवा पडून असलेला लिनक्स लॅपटॉप पुरतो. त्यावर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, म्हणजे नट, बसवा. हा होस्ट असल्यामुळे यूएसबीवरून यूपीएसशी नीट बोलतो. मग ऑन बॅटरी आणि लो बॅटरी या घटनांवर त्याने दोन रिले ओढायचे. रिलेच्या पुढची वायरिंग वर सांगितली तीच. बोर्डाची पिन सीरियल पोर्टला थेट जोडायचा मोह होईल. बोर्ड ३.३ व्होल्टचा आणि सीरियलच्या तारांवर अधिक-उणे १२ व्होल्टपर्यंत, तेव्हा बोर्ड जळेल. रिले किंवा ऑप्टोकपलर (प्रकाशातून संकेत पुढे देऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) हवाच. अर्थिंगचे घोटाळेही त्याने तिथल्या तिथे तुटतात. बोर्डाला वीज त्याच यूपीएसमधून द्या.

यूपीएसला नऊ पिनांचा पोर्ट दिसला म्हणून हुरळूनही जाऊ नका. आकार तोच, पिना वेगळ्या, असं यात सर्रास चालतं. एपीसीच्या जुन्या स्मार्ट-यूपीएसना ९४०-००२४सी ही खास केबल लागायची. साधी सीरियल केबल खोचली तर यूपीएस आउटपुटच तोडून मोकळा व्हायचा.

एनटीचा एक खोडसाळपणा इथेच सांगतो. सुरू होताना तो प्रत्येक सीरियल पोर्टवर माउस आहे का ते चाचपतो आणि त्या धक्क्याने काही यूपीएस ‘बंद हो’ असा अर्थ घेतात. संगणक चालू करताच यूपीएस बंद, असं चक्र सुरू होतं आणि लोक यूपीएस बदलत बसतात. बूट डॉट आयएनआय फाइलमध्ये एनटीच्या ओळीच्या शेवटी ‘/नोसीरियलमाइस=कॉम१’ हा पर्याय (अर्थात रोमन अक्षरांत; कॉम१ म्हणजे पहिला सीरियल पोर्ट) टाकला की तो पोर्ट सुटतो. फाइल लपवलेली आणि रीड-ओन्ली असते, आधी ते गुण काढा.

लो बॅटरीचा इशारा वीज तुटण्याआधी किमान दोन मिनिटं मिळायला हवा, असं एनटीची खिडकीच सांगते. जुन्या डिस्कवर मी पाच ठेवतो. नटमध्ये ही मर्यादा बदलता येते. मशीनचा प्रोग्रॅम नीट बंद करायचा असेल तर सेवेत कमांड फाइल देता येते, पण तिला तीस सेकंदांत आटपावं लागतं.

आता जिथे बहुतेक जोडण्या फसतात ते. लो बॅटरी आली, एनटी शटडाउन झाला, ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ हा संदेश पडद्यावर आला, आणि त्याच क्षणी लाइट आली. यूपीएसच्या दृष्टीने काही घडलंच नाही, आउटपुट सलग चालू. संगणक मात्र तो संदेश दाखवत सकाळपर्यंत बसून राहतो. उपाय एकच: शटडाउन एकदा सुरू झालं की लाइट परत येवो न येवो, यूपीएसने आउटपुट थोडा वेळ तोडलंच पाहिजे. नटमध्ये यासाठी ‘शटडाउन डॉट रिटर्न’ ही आज्ञा आहे. यूएसबीच्या ड्रायव्हरमध्ये मूळ वेळा तोडण्याआधी २० सेकंद आणि परत देण्याआधी ३० सेकंद अशा असतात. एनटी पूर्ण बंद व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा आणि लो बॅटरीनंतर त्याच्या दुप्पट वेळाने ही आज्ञा सुटेल असं ठेवा. जुन्या एटी पद्धतीच्या पॉवर सप्लायला खरा खटक्याचा स्विच असतो, त्यामुळे वीज परत आली की संगणक आपोआप उठतो. एटीएक्स, म्हणजे नुसत्या बटणाने चालू होणारी नंतरची पद्धत, असेल तर बायोसमध्ये तसा पर्याय आहे का ते शोधावं लागेल.

(कुणाकडे डॉस असेल तर शटडाउनची भानगडच नाही. कॉम१ वर हेक्स ३एफई हा पत्ता वाचायचा. त्यातला ४ क्रमांकाचा बिट सीटीएस, ७ क्रमांकाचा डीसीडी. प्रोग्रॅममध्ये हात घालता येत असेल तर एवढ्यावर फाइल बंद करता येतात. स्मार्टड्राइव्ह (डॉसचा डिस्क-कॅश) वापरात असेल तर त्याचं मागाहून लिहिणं बंद करा, नाहीतर बॅटरी असूनही फाइल अर्धी राहील.)

विजेच्या बाजूबद्दल. यूपीएस नुसता जोडला आणि चालला म्हणून निश्चिंत होऊ नका. लाइन-इंटरॲक्टिव्ह, म्हणजे लाइट असताना तीच पुढे देणाऱ्या, यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात. नवी पॉवर सप्लाय तेवढा खंड सहज पचवते, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे कॅपॅसिटर सुकलेले असतात आणि मग बॅटरी भरलेली असतानाही लाइट जाताक्षणी संगणक रीसेट होतो. दोष यूपीएसला दिला जातो. एक तर सप्लायचे कॅपॅसिटर बदला, नाहीतर ऑनलाइन, म्हणजे डबल-कन्व्हर्जन, यूपीएस घ्या; त्यात हा खंडच नसतो. सप्लाय ट्रान्सफॉर्मरची असेल, तर यूपीएसच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या लहरीवर ती गुरगुरते आणि तापते, तिला शुद्ध साइन वेव्हच द्या. जुन्या स्विचिंग सप्लायचा पॉवर फॅक्टर (वॉट भागिले व्हीए) ०.६५ च्या आसपास असतो. २०० वॉटचा संगणक म्हणजे साधारण ३०८ व्हीए, मग पाटी वाचताना वॉट आणि व्हीए दोन्ही बघा.

उलट टोकाची अडचणही असते. काही यूपीएसमध्ये वीज वाचवायची म्हणून बॅटरीवर असताना लोड फारच कमी दिसला तर आउटपुट बंद करायची सोय असते. मोठ्या यूपीएसवर पन्नास वॉटचा औद्योगिक संगणक ठेवला की यूपीएसला वाटतं, काही जोडलेलंच नाही. हा पर्याय आधी बंद करा.

मोटरचे ड्राइव्ह, कूलंट पंप यूपीएसवर घेऊ नका, आणि इमर्जन्सी स्टॉपच्या सर्किटला तर हातच लावू नका. यूपीएसवर संगणक, मॉनिटर आणि तो मधला बोर्ड, बस. संगणकाची सप्लाय २४ व्होल्ट डीसीची निघाली, तर एसी यूपीएस परत करता आला तर करा आणि डीआयएन रेलवर, म्हणजे पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर, बसणारा डीसी यूपीएस घ्या. त्यावर हे दोन कॉन्टॅक्ट सहसा असतातच आणि खंडाचा प्रश्नही राहत नाही.

चाचणी मशीन रिकामं असताना करा. प्लग ओढू नका, त्याने अर्थिंगही तुटतं. यूपीएसच्या आधीचा एमसीबी पाडा. एकदा बॅटरी पूर्ण उतरू द्या, आणि एकदा शटडाउनच्या मध्यावर लाइट परत द्या. दुसरी चाचणी लोक टाळतात.

सप्लाय एटी की एटीएक्स, तिच्या पाटीवर काय लिहिलंय, आणि यूपीएसच्या मागे कार्डाची खाच आहे का, एवढं कळवा. ५ आणि ७ मधला मोजलेला व्होल्टेजही लिहा, म्हणजे वायरिंगचं नक्की सांगता येईल.