ग्रिंडलेंचं पुस्तक आणि सात लाखांची ठेव

प्रश्न: वय ६३, राहायला पुण्यात, नारायण पेठेत. आयुष्य छापखान्यात गेलं. सौ. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त, तिचं पेन्शन २८ हजार. घरखर्च महिना ४५ हजार. दोघांच्या मिळून ३८ लाखांच्या ठेवी आहेत. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे कॅप्टन ग्रिंडले यांचं पश्चिम भारताच्या देखाव्यांचं, हाताने रंगवलेल्या चित्रांचं पुस्तक आलंय. ३६ पैकी ३४ चित्रं आहेत, किंमत सात लाख. मुलगा लंडनला असतो. तो म्हणतो, 'घ्या बाबा, पुढे इथे लिलावात काढू.' सौ.चा विरोध आहे. घेऊ का?

उत्तर: वहिनींच्या बाजूने आहे मी. पण त्यांचं कारण तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून माझं सांगतो.

पेन्शन वजा जाता दरमहा १७ हजार कमी पडतात, म्हणजे वर्षाला २ लाख ४ हजार. ३८ लाखांवर ७ टक्के धरले तर व्याज २ लाख ६६ हजार. आज ६२ हजार शिल्लक राहतात. सात लाख काढलेत की ती शिल्लक १३ हजारांवर येते. दोघांच्या आरोग्यविम्याचा हप्ता एकदा वाढला की संपलं. महागाईचं तर अजून नावही घेतलेलं नाही.

'पण पुस्तकाची किंमत वाढेल ना?' वाढेलही. माझी हरकत किमतीला नाहीच, विकायच्या वाटेला आहे. सोनं घेऊन लक्ष्मी रोडवर गेलात तर संध्याकाळपर्यंत पैसे हातात पडतात. या पुस्तकाला देशात गिऱ्हाईकं मोजकी आणि ती सगळी विक्रेत्याच्या ओळखीची, तुमच्या नाही. विक्रेता परत घेताना विक्रीच्या किमतीच्या निम्मे देईल असं धरा. सात लाख ७ टक्क्यांनी, व्याज न खाता, दहा वर्षांत पावणेचौदा लाखांच्या आसपास होतात. तेवढे हातात पडायला पुस्तकाचा बाजारभाव साडेसत्तावीस लाख हवा. म्हणजे जवळपास चौपट.

चिरंजीवांची लंडनची योजना तर सगळ्यात कच्ची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचं पुस्तक त्या व्याख्येत बसत नाही असं पुरातत्त्व खात्याकडून लेखी मिळेपर्यंत लंडन विसरा. मिळालं तरी लिलाववाले दोन्हीकडून कमिशन घेतात. करही आहे. कलावस्तू म्हणून धरली आणि दोन वर्षांनंतर विकली, तर नफ्यावर साडेबारा टक्के.

आता पुस्तकाकडे. ग्रिंडले ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात होते आणि ग्रिंडलेज बँकेचं मूळही त्यांच्याच पेढीत आहे, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला गंमतीचं वाटतं. पुस्तक लंडनला १८२६ ते १८३० मध्ये भागाभागांनी निघालं. तांब्याच्या पत्र्यावर राळेचा दाणा पाडून, आम्लाने खाऊन छटा आणायच्या, छापायचं आणि मग प्रत्येक प्रतीत हाताने जलरंग भरायचे. हे तुम्हाला मी काय सांगणार! पण छापखान्याचा डोळा इथे वापरा. कागद उजेडासमोर धरा. जलचिन्हात बऱ्याचदा कागदाचं साल असतं. ते प्रकाशनानंतरचं निघालं तर छपाई मागाहूनची. रंग रेषेबाहेर ओघळलाय का, पाठीमागे उतरलाय का, तेही बघा. साध्या प्रतीत नंतर रंग भरून विकणारे आहेत. आणि दोन चित्रं नसणं ही किरकोळ खोट नव्हे. या छंदात प्रतीची किंमत चित्रं मोजूनच ठरते. ॲबी यांची प्रवासचित्रांच्या पुस्तकांची दोन खंडांची सूची यासाठीच वापरतात. ३४ ला पूर्ण प्रतीचा भाव लावत असेल तर नमस्कार करून उठा.

(मीही एकदा जुन्या बाजारातून 'दीडशे वर्षांचं' चित्र चौकटीसकट आणलं होतं. चौकट जुनी होती.)

सांभाळणंही सोपं नाही. कसर, वाळवी आणि पावसाळ्यातली ओल, त्यात तुम्ही नारायण पेठेत. पानशेत धरण फुटल्यावर पाणी नदीकाठच्या पेठांत कुठवर चढलं होतं, हे शेजारच्या एखाद्या आजोबांना विचारा. पुस्तक तळमजल्यावर ठेवू नका. घराच्या विम्यात अशी वस्तू आपोआप येईलच असं नाही. मूल्यांकन करून वेगळी नोंदवावी लागते.

छंद सोडा असं मी म्हणत नाही. त्या ६२ हजारांतून वर्षाला वीस हजार पुस्तकांसाठी बाजूला ठेवा, वहिनींना सांगून. ते परत येणार नाहीत असं समजूनच खर्च करा. ठेवी मोडू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. त्यात काही नसेल, तर मुदत संपणारी ठेव आधी तिकडे वळवा.

तरी मुंबईला जाऊन पुस्तक डोळे भरून बघाच. आणि विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: 'पुढच्या आठवड्यात हेच पुस्तक परत आणलं तर किती द्याल, लिहून द्याल का?' आणि 'नसलेली दोन चित्रं कोणती?' वेरूळच्या लेण्यांचं एखादं त्यात असेल, तर आकडा ऐकायलाही थांबू नका.