तीच वचनं, तेच दाखले वर्षानुवर्षं ऐकल्यावर बायबलमध्ये नवीन काही सापडतं का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासूनचे दाखले आता पाठ झालेत, उपदेशकाने पहिलं वाक्य उच्चारलं की शेवट ठाऊक असतो आणि शास्त्र उघडलं तरी मनाला काही लागत नाही. विश्वास आटत चाललाय का, असं विचारलंत. मला तसं वाटत नाही. फार ओळखीचा उतारा समोर आला की आपण वाचत नाही, आठवत बसतो. डोळे ओळींवरून फिरतात आणि मन संडे स्कूलमध्ये ऐकलेलं सार घोकतं.

मला हे उमगलं ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यामुळे. धनी पहाटे मजूर लावतो, मग दिवसभरात आणखी चार वेळा. शेवटचे तर दिवस संपायला तासभर उरलेला असताना. संध्याकाळी मजुरी सगळ्यांना सारखीच. तरुणपणी मी पहाटेच्या मजुरांच्या बाजूने होतो. दिवसभराचं ऊन त्यांनी सोसलं होतं, त्यांची कुरकुर मला रास्त वाटायची.

पुढे माझी नोकरी गेली. त्या दिवसांत हाच अध्याय वाचताना नजर अडली ती शेवटच्या मजुरांच्या उत्तरावर. सारा दिवस रिकामे का उभे राहिलात, असं धनी विचारतो आणि ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. काम न मिळता बाजारात ताटकळणाऱ्यालाही ऊन लागतंच, वर रिकाम्या हाताने घरी कसं जायचं ही धास्ती. एका दिवसाची मजुरी म्हणजे एका घराचं त्या दिवसाचं अन्न. तासाच्या हिशोबाने पैसे दिले असते तर त्यांच्या घरी मुलं उपाशी निजली असती.

आणखी काही वर्षांनी लक्ष धन्याकडे गेलं. त्याच्या पदरी कारभारी आहे, मजुरी वाटायला तो त्यालाच सांगतो. मजुरांना बोलवायला मात्र दरवेळी स्वतः बाहेर पडतो. दिवस मावळताना अजून कोणी उभं आहे का, हे पाहायला निघालेला हा धनी मला आज त्या दाखल्याचा गाभा वाटतो.

यातून एक सवय लागली, ती तुम्हालाही सुचवेन. अध्याय जिथे सुरू होतो तिथून वाचायला सुरुवात करू नका. अध्यायांची आजची विभागणी 13व्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी केली असं मानलं जातं, तर नव्या करारातल्या वचनांचे आजचे क्रमांक फ्रेंच मुद्रक रॉबर्ट एस्तिएन यांच्या 1551च्या आवृत्तीतले आहेत. मूळ लेखकांनी ही कुंपणं घातलेली नाहीत. मत्तयाच्याच 19व्या अध्यायाच्या शेवटाकडे येशूचा शिष्य पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून आपल्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळेल? द्राक्षमळ्याचा दाखला त्याच उत्तराच्या ओघात येतो. म्हणजे पहाटेचे मजूर कोण, तर पेत्र आणि त्याचे सोबती. लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढलेले तुम्ही-आम्हीही त्यांच्यातच.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचंही तसंच. आपण ‘आमेन’ म्हणतो आणि थांबतो. मत्तयाच्या 6व्या अध्यायात प्रार्थना संपताच प्रभू येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर लगेच पुन्हा बोलतो, क्षमेच्या. रोजच्या भाकरीबद्दल तिथे पुन्हा काही सांगत नाही. हे लक्षात आल्यापासून ती ओळ माझ्याकडून घाईत म्हटली जात नाही.

मात्र नवा अर्थ म्हणून काहीतरी चमकदार शोधायला जाऊ नका, याबद्दल मी फार आग्रही आहे. आजूबाजूच्या वचनांचा आधार नसेल तर कितीही हृदयस्पर्शी वाटला तरी तो अर्थ सोडून द्यावा. मजुरांचं उत्तर, धन्याच्या फेऱ्या, पेत्राचा प्रश्न, हे सगळं त्या पानांवर आधीपासूनच होतं.

सुरुवात जुन्या करारातल्या योना संदेष्ट्याच्या पुस्तकापासून करून पाहा. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो योनाला गिळणारा मासा, पण तो दुसऱ्या अध्यायातच निघून जातो. चौथ्या अध्यायात निनवे शहराचा नाश टळला म्हणून योना चिडतो, अगदी पहाटेच्या मजुरांसारखा. आपला उजवाडावा हातही न कळणारी 1,20,000हून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या शहराची मी पर्वा करू नये काय, असं देव त्याला विचारतो. पुस्तक तिथेच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. आधी हा चौथा अध्याय वाचा आणि मगच पहिल्याकडे या.